नाशिक ते नागपूर : ५४५ किलोमीटर, दीड तासाचं विमान आणि दुकानदाराचा खरा हिशोब



व्हिडिओमध्ये मी फळ्यावर जो हिशोब मांडला, तो अनेकांना थांबवून-थांबवून वहीत उतरवावा लागला असणार. म्हणून आज तोच हिशोब इथे सावकाश, पायरी-पायरीने मांडते. शेजारी कागद-पेन आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. नुसतं वाचून सोडून देण्याचा हा धडा नाही.

प्रश्न साधा आहे. नाशिकच्या ओझर विमानतळापासून नागपूर विमानतळ किती लांब आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो? इंटरनेटवर विचारलंत तर दोन सेकंदांत उत्तर मिळतं. पण त्या उत्तरावर विसंबून मी एकदा चांगली ऑर्डर घालवली आहे. आधी तेच सांगते.

माझी चूक

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. नाशिकहून नागपूरला विमान सुरू झालं त्या वर्षीची गोष्ट. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीला यंत्रांच्या सुट्या भागांसाठी गंज न लागू देणाऱ्या पिशव्या आणि छापील टेप हवी होती. महिन्याला साधारण ४० हजारांचा माल जाणार होता. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

मी काय केलं? तिकिटावर बघितलं, दीड तासाच्या आसपासचा प्रवास. नकाशावर बघितलं, बुटीबोरी वर्धा रोडवर आणि विमानतळही वर्धा रोडवर. म्हटलं, हे तर शेजारीच आहे! विमान उतरल्यापासून पाऊण तासाने भेट ठरवून टाकली.

विमान अगदी वेळेवर पोचलं, त्याचा काहीच दोष नव्हता. पण सँपलची बॅग पट्ट्यावर यायला वीस मिनिटं गेली. गाडी मिळून निघायला दहा मिनिटं. विमानतळापासून बुटीबोरी वीसेक किलोमीटर, त्यात ट्रकची रांग. गेटवर व्हिजिटर पास, फोटो, सही, आत फोन. साहेबांच्या केबिनपर्यंत पोचले तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. ते दुसऱ्या मीटिंगमध्ये बसले होते आणि तिथून परस्पर बाहेर गेले. "मॅडम, पुढच्या वेळी या," एवढाच निरोप मिळाला.

त्यात आणखी एक गंमत. टेप लावायचं हातातलं मशीन मी पर्समध्ये ठेवलं होतं. त्याला कापायचं दातेरी पातं असतं. ओझरला सुरक्षा तपासणीत ते काढून ठेवावं लागलं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. म्हणजे भेट झाली असती तरी मी टेप लावून काय दाखवणार होते?

ऑर्डर पुढे नागपूरच्याच एका पुरवठादाराला गेली. मी तिकीट, हॉटेल आणि दोन दिवस दुकानाबाहेर, एवढं सगळं घालवून परत आले. चूक सगळी माझीच. मी विमानाचा वेळ मोजला होता, माझा नाही.

पायरी १ : अंतर एक नसतं, तीन असतात

पहिलं म्हणजे सरळ हवाई अंतर. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली तर जेवढी लागेल तेवढं. हे तुम्ही स्वतः काढू शकता.

ओझर विमानतळ साधारण २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व.

अक्षांशाचा फरक ०.९७ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून ०.९७ × १११ = सुमारे १०८ किलोमीटर. नागपूर आपल्यापेक्षा इतकंच उत्तरेला आहे.

रेखांशाचा फरक ५.१४ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एक अंश रेखांश साधारण १०४ किलोमीटरचा पडतो. ५.१४ × १०४ = सुमारे ५३५ किलोमीटर. नागपूर इतकं पूर्वेला आहे.

आता शाळेतला पायथागोरस आठवा. १०८ चा वर्ग अधिक ५३५ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे ५४५ किलोमीटर. वैमानिक ज्यात मोजतात त्या सागरी मैलांत सांगायचं तर सुमारे २९५.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदाचा पायथागोरस कसा चालतो? एवढ्या अंतराला चालतो, फरक नगण्य पडतो. नाशिक ते लंडन काढायला मात्र ही युक्ती वापरू नका.

दुसरं म्हणजे विमान प्रत्यक्षात उडतं ते अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळण घेतं, ढग असतील तर बाजूने जातं. त्यामुळे ते सरळ अंतरापेक्षा थोडं जास्तच भरतं.

तिसरं म्हणजे जमिनीवरचं अंतर. रेल्वेने मुंबई सीएसएमटी ते नागपूर ८३७ किलोमीटर आहे, त्यातले नाशिकरोडपर्यंतचे सुमारे १८७ वजा करा. उरतात ६५० किलोमीटर. गाडीने सिन्नरजवळ समृद्धी महामार्गाला लागून गेलात तरी सहाशेच्या वर किलोमीटर होतात.

म्हणजे एकाच प्रवासाला ५४५, ६०० च्या वर आणि ६५० असे तीन आकडे आहेत. तुम्हाला कोणी अंतर सांगितलं की पहिला प्रश्न विचारा, "कशाने?" मालाचं भाडं ठरवतानासुद्धा हाच प्रश्न विचारायचा. ट्रान्सपोर्टवाला रस्त्याच्या किलोमीटरवर पैसे घेतो, गुगलच्या सरळ रेषेवर नाही.

पायरी २ : हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

छोट्या शहरांच्या मार्गांवर बऱ्याचदा एटीआर ७२ जातीचं विमान असतं. पंख्याचं विमान, सत्तर-ऐंशी माणसांचं. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून नागपूर, गोवा आणि अहमदाबाद या सेवा सुरू केल्या त्या अशाच विमानांनी. एटीआरचा वरचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. एअरबस ए३२० सारखं जेट विमान ताशी ८०० च्या पुढे जातं.

आता भागाकार करा. एटीआरने ५४५ भागिले ५०० म्हणजे सुमारे ६५ मिनिटं. जेटने ५४५ भागिले ८०० म्हणजे सुमारे ४१ मिनिटं.

पण विमान काही स्कूटर नाही, की किल्ली मारली आणि पूर्ण वेगात सुटलं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं, उतरल्यावर जागेवर येऊन थांबणं. या सगळ्याचे २५ ते ३० मिनिटं धरा. म्हणजे एटीआरने ९० ते ९५ मिनिटं. तिकिटावर जो वेळ असतो तो हाच. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या.

एक, जेट असलं तरी एवढ्या अंतराला फक्त २४-२५ मिनिटं वाचतात. "अरे, पंख्याचं विमान आहे, हळू जाईल" म्हणून तिकीट टाळण्यात अर्थ नाही.

दोन, जाण्यायेण्याचा वेळ थोडा वेगळा दिसू शकतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीमागून ढकलतात, येताना समोरून येतात. फरक काही मिनिटांचाच, पण तिकिटावर दिसला तर गोंधळू नका.

पायरी ३ : दारापासून दारापर्यंत

आता खरा हिशोब. आपलं दार ते गिऱ्हाइकाचं दार. नाशिक शहरातून निघणाऱ्या माणसासाठी मी असा धरते :

घर ते ओझर विमानतळ : ४५ मिनिटं
विमानतळावर आधी पोचणं : ९० मिनिटं
तिकिटावरचा प्रवास : ९५ मिनिटं
उतरणं, बॅग, गाडी मिळणं : ३० मिनिटं
नागपुरात मुक्कामी पोचणं : ३० मिनिटं

बेरीज २९० मिनिटं. चार तास पन्नास मिनिटं!

यातले आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला. सातपूर-अंबडहून निघालात तर ओझरला तासभर धरा, कारण अख्खं शहर ओलांडायचं आहे. पिंपळगाव बसवंतकरांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या दिवसांत शहरातल्या रस्त्यांचा कुठलाच आकडा पक्का धरू नका.

विमानतळावरची ९० मिनिटं कोणी कमी करायला जाऊ नका. सामान जमा करायचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. ओझरला गर्दी कमी असते हे खरं, पण बंद काउंटरसमोर रिकामी लाउंज काही कामाची नाही.

नागपूरचा शेवटचा अर्धा तास हा सीताबर्डीसारख्या शहरातल्या ठिकाणचा. विमानतळ शहराला चांगला जवळ आहे, सीताबर्डी आठ-नऊ किलोमीटर. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशनही आहे, फक्त टर्मिनलपासून तिथपर्यंत थोडं जावं लागतं. पण गिऱ्हाईक बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत असेल तर तासभर धरा, आणि गेट पासचे वीस मिनिटं वेगळे. हे मी स्वानुभवाने सांगते आहे!

आता आणखी एक भागाकार. ५४५ किलोमीटर भागिले ४ तास ५० मिनिटं. दारापासून दारापर्यंत तुमचा वेग पडला ताशी ११३ किलोमीटर. समृद्धीवर सपाट भागात कारची वेगमर्यादाच ताशी १२० आहे! हवेत ५०० चा वेग आणि हिशोबात ११३. उरलेला वेग रांगेत, रिक्षात आणि बॅगेच्या पट्ट्यासमोर जिरला.

आणि अंतर जितकं कमी तितका हा परिणाम वाईट. नाशिक–मुंबई हवाई अंतर १६० किलोमीटरच्या आत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या उडान योजनेखाली नाशिकहून मुंबई आणि पुण्याला छोट्या विमानांची सेवा सुरू झाली होती, पुढे ती बंद पडली. बंद पडायला कारणं अनेक असतात. पण प्रवाशाच्या बाजूने हिशोब करून बघा. हवेत पाऊण तास आणि जमिनीवर तीन तास. तेवढ्यात माणूस पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून चहा पितो. माझा ढोबळ नियम असा : सरळ अंतर २०० किलोमीटरच्या आत असेल तर विमानाचा विचारच नको. ३५० च्या पुढे असेल तर हिशोब मांडा.

पायरी ४ : घड्याळाचा वेळ आणि धंद्याचा वेळ

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाशिक शहर ते नागपूर शहर :

विमानाने पावणेपाच-पाच तास.
समृद्धीवरून गाडीने, सिन्नरपर्यंतचा रस्ता, जेवण आणि चहा धरून आठ तास.
रेल्वेने दहा-अकरा तास, शिवाय स्टेशनला जाण्यायेण्याचा वेळ.

हे बघून कोणीही म्हणेल, विमान जिंकलं. थांबा. तुमचं दुकान सकाळी १० ते रात्री ८ चालतं असं धरू. बाकीच्या वेळात तुम्ही झोपता किंवा घरी असता. दुकान बंद असतानाचा प्रवास धंद्याला फुकट पडतो. म्हणून किती तास प्रवास झाला हे विचारू नका, दुकानाचे किती तास गेले हे विचारा.

एक उदाहरण घेऊ. वेळा मी हिशोबापुरत्या धरल्या आहेत, खऱ्या वेळा तुम्ही बुकिंगच्या दिवशी बघायच्या. समजा विमान दिवसातून एकच आहे. नाशिकहून दुपारी २ ला सुटतं, आणि नागपूरहून परतीचं दुपारी १२ ला.

विमानाचा बेत : पहिल्या दिवशी घरून पावणेबाराला निघायचं. नागपुरात पोचेपर्यंत साडेचार वाजून गेले. पाचच्या पुढे कुठल्या ऑफिसात नवीन माणसाला वेळ मिळतो? म्हणून हॉटेल. दुसऱ्या दिवशी बाराचं विमान म्हणजे साडेदहाला विमानतळावर. भेट मिळाली तर सकाळी नऊला, तीही घाईत. घरी परत दुपारी तीनच्या सुमाराला. दुकानाचे गेले पहिल्या दिवशी सव्वाआठ आणि दुसऱ्या दिवशी पाच तास. एकूण सव्वातेरा तास आणि वर एक हॉटेल.

रेल्वेचा बेत : रात्री आठला दुकान बंद, जेवण, नाशिकरोडहून रात्रीची गाडी. सकाळी नागपूर. अख्खा दिवस भेटींना मोकळा. संध्याकाळी किंवा रात्री परतीची गाडी, सकाळी नाशिक, दहाला शटर वर. दुकानाचे गेले फक्त दहा तास. हॉटेल नाही.

बघितलंत? जे साधन प्रवासात अर्धा वेळ घेतं, त्यानेच दुकानाचे सव्वातीन तास जास्त खाल्ले. आणि कामाला वेळ कमी दिला.

आता फक्त वेळापत्रक बदलून बघा. विमान सकाळी ७ ला जाणारं आणि संध्याकाळी ७ ला परतणारं आहे असं धरा. मग एका दिवसात काम होतं, हॉटेल नाही, रात्र आपल्या गादीवर. तेव्हा विमान सरस. किलोमीटर तेच, विमान तेच, वेग तोच. निकाल मात्र उलटा.

म्हणून हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा : दोन शहरांमधलं अंतर बदलत नाही, पण परतीची वेळ सगळा हिशोब बदलते. तिकीट काढताना आधी परतीचं विमान बघायचं, मग जाण्याचं.

पायरी ५ : तुमच्या एका तासाची किंमत

"वेळ म्हणजे पैसा" हे सगळे म्हणतात. किती पैसा, ते कोणी सांगत नाही. काढू या.

समजा महिन्याचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून मालाची खरेदी वजा केल्यावर उरलेली रक्कम, ९० हजार रुपये आहे. दुकान महिन्याला २६ दिवस, दिवसाला १० तास चालतं. म्हणजे २६० तास. ९०,००० भागिले २६० म्हणजे तासाला सुमारे ३४६ रुपये.

पण तुम्ही नसताना दुकान पूर्ण थांबतं का? कामाला विश्वासू मुलगा आहे आणि तो साठ टक्के धंदा सांभाळतो असं धरू. मग तुमच्या गैरहजेरीत तासाला चाळीस टक्केच बुडतात, म्हणजे साधारण १४० रुपये. तुम्ही एकटेच असाल आणि शटर खाली करून जात असाल तर पूर्ण ३४६.

आता तुलना करा. समजा विमानाचा सगळा खर्च, म्हणजे जाऊन-येऊन तिकीट, टॅक्सी आणि हॉटेल, १२,५०० रुपये. रेल्वेचा तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्याचा खर्च रिक्षासकट २,८०० रुपये. फरक ९,७०० रुपयांचा. वरच्या एकफेरीच्या उदाहरणात विमान दुकानाचे तास वाचवतच नाही, उलट घालवतं. मग हे ९,७०० कशाबद्दल? झोप आणि आरामाबद्दल. ते द्यायला हरकत नाही, कंबरदुखी असेल तर जरूर द्या. पण वहीत "धंद्याचा खर्च" म्हणून लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नका.

या हिशोबाचा आणखी एक धडा आहे. दुकान सांभाळणारा माणूस तयार केलात, तर तुमच्या प्रवासाचा तास ३४६ वरून १४० वर येतो. विमानापेक्षा जास्त पैसे कधी कधी चांगला मदतनीस वाचवतो.

मग विमान कधी घ्यायचं?

माझी यादी अशी आहे :

१. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत असेल.

२. ऑर्डरचा नफा प्रवासखर्चाच्या किमान पाचपट असेल आणि तारीख हलवता येत नसेल.

३. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर असेल. रात्रभर जागून गेलेला माणूस सकाळी भाव नीट बोलू शकत नाही.

४. जाताना रात्रीची रेल्वे आणि येताना दुपारचं विमान, अशी जोडी जमत असेल. सकाळी पोचायचं, दुपारपर्यंत काम, संध्याकाळी घर. हा बेत फार कमी लोकांना सुचतो.

आणि समृद्धी? दोघं-तिघं असाल, सँपल जड असेल, किंवा वाटेत छत्रपती संभाजीनगर, जालना अशा ठिकाणीही गिऱ्हाईक असेल तर गाडी बरी. विमानात बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान जमा करायला आणि ७ किलो हातात, एवढीच मुभा असते. गाडीच्या डिकीला कोणी वजनकाटा लावत नाही. पण जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर एकट्याने, एका दिवसात चालवायचं धाडस करू नका. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो. ऑर्डर पुन्हा मिळते, माणूस मिळत नाही.

छोट्या विमानतळाचा स्वभाव ओळखा

ओझर हा मूळचा एचएएलचा, म्हणजे लढाऊ विमानांच्या कारखान्याचा विमानतळ. प्रवाशांसाठीचं टर्मिनल २०१४ मध्ये झालं. अशा ठिकाणी मार्ग सुरू होतात, वेळा बदलतात, बंदही पडतात. उडान योजनेत सरकार कंपनीला तूट भरून देतं, पण ती साधारण तीन वर्षांपुरती. पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. म्हणून कायमच्या गिऱ्हाइकाला "मी दर महिन्याला विमानाने येईन" असा शब्द देऊ नका. "दर महिन्याला येईन" एवढं पुरे.

दुसरा रस्ता नेहमी हाताशी ठेवा. ओझरहून विमान नसेल तर शिर्डी विमानतळ आहे, मुंबई आहे. पण मुंबईला जायचे चार तास हिशोबात धरायला विसरू नका. नागपूरसाठी मुंबईमार्गे विमान म्हणजे सिन्नरच्या माणसाने घोटीला वळसा घालून शिर्डीला जाण्यासारखं आहे. हिवाळ्यात सकाळचं धुकं असतं, निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहेच. त्या दिवसांत पहिल्या विमानाच्या भरवशावर सकाळची भेट ठरवू नका.

आणि तिकीट काढताना जीएसटी क्रमांक टाकायला विसरू नका. धंद्यासाठीच्या प्रवासावरचा कर नियमाप्रमाणे क्रेडिटमध्ये घेता येतो. कंपोझिशन योजनेत असाल तर ते मिळत नाही. नक्की काय ते तुमच्या सीएला विचारा.

निघण्यापूर्वीची पाच प्रश्नांची चिठ्ठी

ही चिठ्ठी माझ्या गल्ल्याच्या आत चिकटवलेली आहे :

१. परतीची वेळ काय?
२. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकूण मिनिटं किती?
३. दुकानाचे किती तास जातील, आणि तासाची किंमत काय?
४. विमान किंवा गाडी दोन तास उशिरा आली तर भेट वाचेल का?
५. सँपलपैकी काय हातात नेता येत नाही?

चौथा प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता तर भेट दुपारऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली असती. पाचवा विचारला असता तर पात्याचं मशीन मोठ्या बॅगेत गेलं असतं. दोन प्रश्न, आणि महिन्याला ४० हजारांचा धंदा.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बुटीबोरीला गेले, दुसऱ्या एका कारखान्यात. या वेळी रात्रीच्या रेल्वेने. साडेदहाच्या भेटीला दहाला गेटवर उभी होते. ऑर्डर लहान मिळाली, पण मिळाली, आणि अजून चालू आहे.

गृहपाठ

आता तुमची पाळी. नाशिक–अहमदाबाद काढा. कापड, पॅकिंग मशीन, भांडी, कशाच्याही खरेदीला आपल्यातले बरेच जण तिकडे जातात. अहमदाबाद विमानतळ साधारण २३.०८ अंश उत्तर आणि ७२.६३ अंश पूर्वेवर आहे. या वेळी रेखांशाचा एक अंश १०३ किलोमीटरचा धरा, कारण आपण थोडं उत्तरेला सरकलो. सरळ अंतर ३५५ किलोमीटरच्या आसपास आलं तर तुमचं गणित बरोबर. मग पायरी २ ते ५ स्वतःच्या घराच्या, दुकानाच्या आणि नफ्याच्या आकड्यांनी भरा. माझे आकडे उचलू नका, ते माझ्या दुकानाचे आहेत.

आणि उत्तर काहीही येऊ दे. विमान येऊ दे, रेल्वे येऊ दे, नाहीतर "जायचंच नाही, व्हिडिओ कॉलवर काम होतंय" असं येऊ दे. हे तिसरं उत्तरसुद्धा नफ्याचंच आहे. फक्त ते तिकीट काढायच्या आधी यायला हवं, नंतर नाही.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत गल्ला आणि घड्याळ, दोन्ही सांभाळा!